स्टीव्ह डॅलकोव्स्की: मायनर लीगमध्ये नऊ मोसम, मेजर लीगमध्ये एकही चेंडू नाही

३१ ऑगस्ट १९५७ रोजी टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्ट संघाकडून अठरा वर्षांचा एक डावखुरा पिचर ब्लूफील्डविरुद्ध उतरला. त्याने २४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. शिवाय १८ जणांना वॉक दिला, चौघांच्या अंगावर चेंडू मारला, सहा वाइल्ड पिच टाकले आणि सामना ८-४ असा हरला. स्टीव्ह डॅलकोव्स्कीच्या कारकिर्दीचं सगळं प्रकरण या एका स्कोअरशीटमध्ये आलेलं आहे. पुढची आठ वर्षं त्यातला पहिला आकडा ठेवून बाकीचे कसे घालवायचे, एवढाच प्रश्न होता.

बेसबॉल न पाहिलेल्या वाचकासाठी आधी थोडे नियम. पिचर साधारण साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो. समोर होम प्लेट असते, १७ इंच रुंद. तिच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत एक काल्पनिक चौकट धरतात. चेंडू त्या चौकटीतून गेला किंवा फलंदाजाने बॅट फिरवली आणि हुकली, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की तो बाद, म्हणजेच स्ट्राइकआउट. चौकटीबाहेर गेलेला आणि फलंदाजाने सोडून दिलेला चेंडू म्हणजे बॉल. चार बॉल झाले की फलंदाज काहीही न करता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर जातो, त्याला वॉक म्हणतात. आपल्या वाइडला एक धाव मिळते आणि विषय संपतो. वॉकचं तसं नाही. तो फलंदाज बेसवर उभा राहतो, पुढच्या वॉकला आणखी पुढे सरकतो, आणि बेस भरलेले असताना दिलेला चौथा वॉक म्हणजे फुकटची धाव. चेंडू इतका भलतीकडे गेला की प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला अडवता आला नाही आणि बेसवरचे खेळाडू पुढे सरकले, की तो वाइल्ड पिच.

आता त्या सामन्याचा हिशेब करून पाहा. २४ स्ट्राइकआउटना किमान ७२ चेंडू लागतात, १८ वॉकनाही किमान ७२. हे झाले १४४. फाउल गेलेले (बॅटला लागून रेषेबाहेर गेलेले), फटका बसलेले आणि अंगावर लागलेले चेंडू यात धरलेलेच नाहीत. आज अठरा वर्षांच्या पोराला क्लब सहसा शंभरच्या आसपासही जाऊ देत नाहीत. १९५७ मध्ये डी वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या लीगमध्ये चेंडू मोजायचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता.

घर, करार, पहिला मोसम

डॅलकोव्स्कीचा जन्म ३ जून १९३९ चा, कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनचा. अवजारं आणि लोखंडी सामान बनवणाऱ्या कारखान्यांचं हे गाव, त्यात पोलिश वंशाच्या लोकांची मोठी वस्ती. अंगाने तो काही राक्षस नव्हता. उंची पाच फूट अकरा इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. हायस्कूलमध्ये तो अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार होता आणि बेसबॉलच्या एका शालेय सामन्यात त्याने २४ स्ट्राइकआउट काढले होते. शाळा संपताच १९५७ मध्ये मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वोच्च स्तरावरच्या बाल्टिमोर ओरिओल्स क्लबने त्याला चार हजार डॉलर बोनसवर करारबद्ध केलं.

चार हजारच का, तर तेव्हाचा नियम असा होता की त्याहून जास्त बोनस दिलेल्या पोराला क्लबने दोन वर्षं मेजर लीगच्याच संघात ठेवावं. असली पोरं मग दोन वर्षं बाकावर बसून सडायची. चार हजारांच्या आत राहिलं की त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून घडवायची मुभा मिळत असे. डॅलकोव्स्कीला वरून आणखी काही मिळालं अशी कुजबुज पुढे बरीच झाली. ते काही असो, कागदोपत्री तो चार हजारांचा होता आणि म्हणून उतरंडीच्या अगदी तळाशी गेला.

ती उतरंड तेव्हा लांबलचक होती. सगळ्यात खाली डी, मग सी, बी, ए, डबल ए, ट्रिपल ए आणि त्यानंतर मेजर लीग. किंग्जपोर्ट डी वर्गात होतं. पहिल्या मोसमात त्याने ६२ इनिंग टाकल्या. एका इनिंगमध्ये तीन बाद, म्हणजे एकूण १८६ बाद झाले आणि त्यातले १२१ स्ट्राइकआउट. इतक्या इनिंगमध्ये त्याला फटके बसले फक्त २२. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की पोरगा सहा महिन्यांत मेजर लीगला जाणार. पण त्याच ६२ इनिंगमध्ये त्याने १२९ वॉक दिले आणि ३९ वाइल्ड पिच टाकले. एक सामना जिंकला, आठ हरले. दर नऊ इनिंगमागे ८.१३ धावा. फलंदाजांना त्याचा चेंडू मारता येत नव्हता आणि मारायची गरजही नव्हती. उभं राहिलं की पुरे.

त्याच मोसमात एका फलंदाजाच्या डोक्याला त्याचा चेंडू लागून कान फाटला. तो गडी पुन्हा व्यावसायिक बेसबॉल खेळला नाही. या घटनेनंतर डॅलकोव्स्की फलंदाजाच्या जवळ चेंडू टाकायला कचरायचा, असं त्याच्या बरोबरीचे लोक सांगत. मला हे पटतं. आपल्या हातून काय होऊ शकतं हे ज्याने अठराव्या वर्षी पाहिलं, त्याला १७ इंचांच्या प्लेटचा निम्मा भाग नकोसा वाटला तर नवल नाही.

औषधं

पुढची चार वर्षं ओरिओल्सच्या लोकांनी त्याच्यावर जे जे उपाय केले, ते एकत्र वाचताना थोडं हसू येतं. त्याला पंधरा-वीस फुटांवरून फेकायला लावलं. लाकडी निशाण समोर ठेवलं, ते फुटलं. प्लेटच्या दोन्ही बाजूंना एकेक फलंदाज उभा करून मधून टाकायला सांगितलं. थकला की वेग उतरेल आणि दिशा येईल अशा आशेने सामन्याआधी भरपूर चेंडू फेकायला लावले. दर नव्या गावी नवा कोच आणि नवा सल्ला. पाय इथे ठेव, हात तिथून काढ, वेगवेगळे चेंडू शीक. प्रत्येक उपायात त्याला डोक्यात ठेवायची आणखी एक गोष्ट मिळत होती. आधीची कुणी काढून घेत नव्हतं.

मुक्कामही स्थिर नव्हता. १९५८ च्या एकाच मोसमात तो ए वर्गाच्या नॉक्सव्हिलला, बी वर्गाच्या विल्सनला आणि सी वर्गाच्या अबर्डीनला खेळला. १९५९ मध्ये डी वर्गाचं पेन्सकोला आणि पुन्हा अबर्डीन. याच अबर्डीनकडून मे महिन्यात त्याने एकही फटका न देता, २१ स्ट्राइकआउटसह सामना जिंकला. अशा दिवसांनीच घात केला असावा. महिन्यातून एकदा असा खेळ दाखवणाऱ्या पोराला सोडून देता येत नाही, आणि उरलेले दिवस पाहता वर पाठवताही येत नाही.

कॅचर मंडळींचं निरीक्षण या सगळ्या उपायांपेक्षा उपयोगाचं होतं. पुढे ओरिओल्सचा मॅनेजर झालेला कॅल रिपकेन सीनियर त्याचा कॅचर होता. त्याच्यासारखे लोक सांगत की डॅलकोव्स्कीचा चेंडू डावी-उजवीकडे फारसा भरकटत नाही, वर-खाली भरकटतो. बहुतेक वेळा वरच. म्हणजे रेषा बरोबर आणि उंची चुकीची. हा दोष हातातून चेंडू सुटण्याच्या क्षणाचा आहे, हे आज शाळेचा कोचही सांगेल. दोन बाजूंना दोन फलंदाज उभे करणारा उपाय मात्र डाव्या-उजव्या दोषावरचा होता.

वेगाच्या कथा याच काळात फुगल्या. १९५८ मध्ये ओरिओल्सने त्याला मेरीलंडमधल्या लष्कराच्या अबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंडवर नेलं. (तो ज्या अबर्डीनकडून खेळला ते साउथ डकोटामधलं. नावसाधर्म्याने बऱ्याच लेखांत घोळ झालेला आहे.) तोफगोळ्यांचा वेग मोजणारं यंत्र तिथे होतं. आदल्याच दिवशी तो सामन्यात खेळलेला. उभं राहायला माउंडचा उंचवटा नाही, सपाट जमीन. आणि चेंडू यंत्राच्या छोट्याशा जागेतून गेला तरच नोंद होणार. अचूकता नसलेल्या माणसाचा वेग मोजायला ही पद्धत कुणी निवडली देव जाणे. अर्ध्या तासाहून जास्त वेळ फेकल्यावर एकदाचा आकडा मिळाला: ताशी ९३.५ मैल, सुमारे १५० किलोमीटर. १९४६ मध्ये मेजर लीगचा नामांकित वेगवान पिचर बॉब फेलर याचा तशाच तऱ्हेच्या लष्करी यंत्राने मोजलेला वेग ९८.६ होता.

जुने खेळाडू ११० म्हणतात, कुणी ११५ म्हणतं. ११५ वर माझा विश्वास नाही. रडारवर मोजल्या गेलेल्या सगळ्यात वेगवान चेंडूंपैकी एक, ॲरोल्डिस चॅपमनचा २०१० मधला, १०५ मैलांच्या जरासा वर आहे. डॅलकोव्स्की शंभराच्या वर होता एवढं मानायला हरकत नसावी. त्यापलीकडे या वादात या प्रकरणाला उपयोगी पडेल असं काही नाही, आणि क्लबचं नेमकं तिथेच चुकलं. वेग किती हे पाहायला त्यांनी सैन्याचं यंत्र गाठलं. चेंडू उंच का जातो हे पाहायला कॅमेरा लावल्याचं कुठे वाचनात येत नाही.

इथे स्टीव्ह बार्बरचं नाव घ्यावं लागतं. तोही ओरिओल्सचा, तोही डावखुरा, वेगवान आणि दिशेचा कच्चा. १९५९ मध्ये तो डी वर्गात होता. १९६० मध्ये तो थेट मेजर लीगमध्ये गेला आणि १९६३ मध्ये त्याने एका मोसमात २० सामने जिंकले. ओरिओल्सच्या पिचरने २० जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. म्हणजे त्या क्लबला दिशाहीन वेगवान पिचर सुधारता येत नव्हते असं म्हणता येणार नाही. डॅलकोव्स्कीचा दोष जातीने वेगळा नसून मापाने वेगळा होता. बार्बरला जे सल्ले पुरले, ते याच्या बाबतीत गोंधळ वाढवत गेले.

स्टॉकटन आणि ट्राय-सिटी

१९६० मध्ये सी वर्गाच्या स्टॉकटनकडून त्याने १७० इनिंग टाकल्या. स्ट्राइकआउट २६२, वॉकही बरोबर २६२. वरचाच हिशेब लावला तर फक्त या दोन प्रकारांत किमान १८३४ चेंडू गेले, म्हणजे दर इनिंगला जवळपास अकरा. उरलेल्या फलंदाजांचे वेगळे. सात जिंकले, पंधरा हरले. १९६१ मध्ये बी वर्गाच्या ट्राय-सिटीकडून परिस्थिती आणखी बिघडली: १०३ इनिंग, १५० स्ट्राइकआउट, १९६ वॉक, तीन विजय, बारा पराभव.

बाविसाव्या वर्षी तो दारूही बरीच पीत होता. लांबचे बसप्रवास, रात्रीचे सामने, लहान गावं, हातात थोडे पैसे आणि पिणारे सोबती. मायनर लीगच्या त्या जगात हे कुणाला खटकण्यासारखं नव्हतं. सामन्याला हजर राहिला की झालं.

एलमायरा, १९६२

न्यू यॉर्क राज्यातल्या एलमायराचा संघ ए वर्गात होता. त्याचा मॅनेजर अर्ल वीव्हर. तो स्वतः आयुष्यभर मायनर लीगमध्येच सेकंड बेस खेळलेला, मेजर लीगपर्यंत न पोचलेला माणूस. पुढे ओरिओल्सचा मॅनेजर म्हणून त्याने १९७० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका जिंकली, १९९६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण १९६२ मध्ये तो बत्तिशीच्या आतला, बसने फिरणारा एक मॅनेजर होता. डॅलकोव्स्कीला त्याने आधी अबर्डीनलाही हाताळलेलं होतं.

वीव्हरने नंतर सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने संघातल्या सगळ्यांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. डॅलकोव्स्कीचा निकाल अगदी तळाशी आला. त्यावरून वीव्हरने ठरवलं की या पोराला आजवर सांगितलेलं सगळं जास्त झालंय. पुढचे नियम दोनच राहिले. एक, फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू) आणि स्लायडर (शेवटी बाजूला सरकणारा चेंडू) एवढेच टाकायचे, बाकी सगळं बंद. दुसरा, पूर्ण ताकद लावायची नाही, चेंडू प्लेटवरून जाईल असा नुसता टाकायचा. दोन स्ट्राइक झाल्या की वीव्हर शिट्टी वाजवणार. शिट्टी ऐकली की हवा तितका जोर लावायचा.

चाचणीची गोष्ट मी थोडी बाजूला ठेवेन. चष्मेवाला, घाबरलेला आणि पिणारा एक तरुण क्लबहाऊसमध्ये बसून लेखी परीक्षेत कसा वागेल, यावरून त्याची बुद्धी ठरवणं धाडसाचं आहे. पिढ्यानपिढ्या पत्रकारांनी तो आकडा आवडीने छापला, कारण त्याने गोष्टीला चटकदार उत्तर मिळतं. उपाय मात्र चाचणीवाचूनही बरोबर होता. कोणता चेंडू आणि किती जोराने, हे दोन्ही निर्णय वीव्हरने त्याच्याकडून काढून घेतले. पिचरच्या हातात उरलं ते फक्त फेकणं.

निकाल असा: १६० इनिंग, १९२ स्ट्राइकआउट, ११४ वॉक, दर नऊ इनिंगमागे ३.०४ धावा, आणि सहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव नाही. सात विजय, दहा पराभव ही नोंद फसवी आहे. इतक्या कमी धावा देऊनही हरणाऱ्या पिचरच्या संघाने त्याला धावा मिळवून दिल्या नाहीत, एवढाच तिचा अर्थ.

खरी गंमत दर नऊ इनिंगच्या हिशेबात दिसते. किंग्जपोर्टला त्याचे दर नऊ इनिंगला १८.७ वॉक होते. स्टॉकटनला १३.९, ट्राय-सिटीला १७.१ आणि एलमायराला ६.४. स्ट्राइकआउट याच क्रमाने पाहा: १७.६, १३.९, १३.१, १०.८. वॉक एका वर्षात एक तृतीयांशाच्या जरा वर आले, स्ट्राइकआउट जेमतेम दोन-सव्वादोनने घटले. म्हणजे पहिल्या दोन स्ट्राइकसाठी तो जो वेग जाळत होता, त्यातला बराचसा वाया जात होता. १५० किलोमीटरचा चेंडूही बहुतेक ए वर्गाच्या फलंदाजांना पुरेसा होता.

कुणी म्हणेल, पोरगा तेवीस वर्षांचा झाला, वयाने शहाणपण आलं असेल. वयाचा परिणाम असता तर तो हळूहळू दिसायला हवा होता. १९६० ते १९६१ मध्ये मात्र वॉक वाढलेले आहेत, आणि लगेच पुढच्या वर्षी, वरच्या वर्गात जाऊन, ते कोसळतात. एका माणसाच्या एका मोसमावरून सिद्धांत मांडता येत नाही हेही खरं. तरी वीव्हरला श्रेय नाकारायला मला कारण सापडत नाही.

मार्च १९६३

त्यानंतरच्या वसंत सरावात, म्हणजे मोसमाआधीच्या शिबिरात, ओरिओल्सने त्याला मेजर लीगच्या खेळाडूंबरोबर ठेवलं आणि तो चांगला खेळत होता. मॅनेजर बिली हिचकॉकच्या संघात त्याची जागा जवळपास नक्की होती. संघाच्या गणवेशाचं माप घेऊन झालं होतं. खेळाडूंची चित्रकार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या त्या वर्षीच्या कार्डसंचात नवख्या खेळाडूंच्या एका कार्डावर त्याचा फोटो छापला गेला.

मार्चमध्ये फ्लोरिडात न्यू यॉर्क यांकीजविरुद्धच्या सराव सामन्यात त्याचा डावा कोपर गेला. नेमकं कोणत्या चेंडूवर, याच्या दोन कथा आहेत. एकीत तो फिल लिंझला स्लायडर टाकत होता. दुसरीत त्याने जिम बाउटनचा हळुवार टोलवलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला. दोन्ही कथांमध्ये कोपरात काहीतरी सुटल्याचं जाणवलं आणि हात खाली आला. तेव्हा अशा कोपराला विश्रांती सांगत, त्यापलीकडे फारसं काही नव्हतं. कोपराचा लिगामेंट नव्याने बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉक्टर फ्रँक जोबने टॉमी जॉन या पिचरवर केली ती १९७४ मध्ये. डॅलकोव्स्कीचं नेमकं काय फाटलं होतं हे कळायला त्या वेळी साधनही नव्हतं. त्यामुळे दहा वर्षं उशिरा जन्मला असता तर वाचला असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दुखापतीचं कारण म्हणून स्लायडरकडे बोट दाखवणारे आहेत. मला त्याआधीचे सहा मोसम जास्त महत्त्वाचे वाटतात. दिशा यावी म्हणून मुद्दाम दमवलेला, आणि सामन्यात कुणी न मोजलेले शेकडो चेंडू फेकलेला हात होता तो.

वेग परत आला नाही. १९६३ मध्ये ट्रिपल ए वर्गाचं रॉचेस्टर आणि पुन्हा एलमायरा, १९६४ मध्ये आणखी तीन शहरं. त्यात ओरिओल्सने त्याला सोडलं. १९६५ चा मोसम संपला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो बाहेर पडला. नऊ मोसमांत ४६ विजय, ८० पराभव. इनिंग हजाराच्या आत, स्ट्राइकआउट आणि वॉक दोन्ही बाराशेच्या वर.

नंतरची बरीच वर्षं तो कॅलिफोर्नियातल्या शेतांवर हंगामी मजुरांबरोबर राबला. दारूने त्याच्या स्मरणशक्तीचा मोठा भाग नेला. मदत आली ती जुन्या व्यावसायिक खेळाडूंना आधार देणाऱ्या असोसिएशनकडून, पण दारू सुटत नव्हती. १९९४ मध्ये बहिणीने त्याला न्यू ब्रिटनला परत नेलं आणि तिथल्या शुश्रूषागृहात ठेवलं. ओरिओल्सने २००३ मध्ये त्याला बाल्टिमोरच्या मैदानावर बोलावून सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकायला लावला. १९ एप्रिल २०२० रोजी कोविडने तो गेला, ऐंशीव्या वर्षी.

व्यसनाचा सगळा दोष क्लबच्या माथी मारणं बरोबर नाही. दारू शाळेपासून त्याच्या सोबत होती. पण आठ वर्षं याच क्लबच्या माणसांनी त्याच्या पायाची जागा, हाताचा कोन, निशाणाचं अंतर आणि बुद्धीचा आकडा सगळं तपासलं. रात्री तो किती पितो हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी चेंडू तेवढाच जोरात जात होता तोवर कुणी काही विचारलं नाही. विचारायला सुरुवात झाली ती कोपर गेल्यावर, आणि तेव्हा उत्तर म्हणून त्याला सोडून देण्यात आलं.